तसबिरीमागची राणी

अंगणात माणसं मावेनात, म्हणून काही जण दगडी कुंपणावर चढून बसले होते. सगळ्यांचे डोळे मागच्या देवदारांच्या टेकडीकडे लागलेले. आधी घंटा ऐकू आली, मग गुणगुण, आणि मग एक तपकिरी ढग अंगणावर उतरला. हजारो मधमाश्या घिरट्या घालत ओट्यावर आल्या आणि तिथे मांडलेल्या माझ्या वडिलांच्या तसबिरीवर बसू लागल्या. आधी कपाळ झाकलं, मग डोळे, मग तोंड.

"आले! कुनियोशी आले!" गेलेल्यांचे आत्मे बोलावणारे मोरोकुमा गुरुजी टेकडीवरून धावत येत ओरडले. "बघा, डसतायत का कोणाला? घरच्या माणसाला कोण डसेल?"

आईने हात पुढे केला. माश्या तिच्या बोटांवरून चालल्या, एकही डसली नाही. आई हसली. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"हे आलेत," ती मला म्हणाली. "चिगुसा, नमस्कार कर."

शेजारच्या अबिरू काकू नाक पुसत म्हणाल्या, "जिवंतपणी जेवायला हाका मारून घसा बसायचा हिचा. आता एका घंटेत हजर!"

विधी संपल्यावर गुरुजींनी तसबिरीवर अलगद कापडी पिशवी चढवली आणि माश्यांसकट ती उचलून नेली. "आत्म्याला टेकडीवर पोचवून येतो." दर वेळी असंच. चौकट त्यांची होती, मंतरलेली. ती कोणी हाताळायची नाही. त्यामुळे बाबांच्या घरात बाबांचा फोटो उरला नव्हता.

संध्याकाळी फ्रिज उघडला तर आईची इन्सुलिनची इंजेक्शनं न फोडलेली.

"आई, ही तशीच कशी?"

"बंद केलीत."

"कोणाला विचारून?"

"गुरुजी म्हणाले, ह्यांचा जीव अर्धा माश्यांत आणि अर्धा माझ्या अंगात आहे. मी सुई टोचली की ती ह्यांना लागते. त्याऐवजी रोज मध घ्यायचा."

"मधुमेहाला मध?"

"ह्यांचा मध आहे तो," आई म्हणाली, जणू त्यात साखर नसतेच.

तिने पाय पोटाशी घेतला, तरी अंगठ्याची पट्टी मला दिसली. खालची जखम कडेने काळी पडत होती. मी फुकुओका शहरात औषधांच्या दुकानात काम करते, असे पाय पुढे कुठे जातात ते मला माहीत आहे. मी समजावलं, रागावले, रडलेसुद्धा.

"दवाखान्यात चल."

"जाऊ गं. आधी ह्यांना विचारते, पुढच्या वेळी आले की."

आमच्या त्सुशिमा बेटावर माश्या पाळणं म्हणजे त्यांची वाट पाहणं. ओंडका कोरायचा, आतून मेण चोळायचं, वर दगड ठेवून परसात उभा करायचा आणि वसंतात एखादा थवा आपणहून येईल म्हणून थांबायचं. ओंडक्यातली राणी कोणी कधी पाहिलेली नसते. गाव फसलं ते इथेच. जे आपणहून येतं ते बोलावताही येतं, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बाबांना मात्र ठाऊक होतं. समुद्रापलीकडचे, लाकडी पेटीत माश्या पाळणारे लोक राणीला जाळीच्या डबीत कोंडतात, मग थवा तिला सोडून जात नाही, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. सांगून झाल्यावर म्हणाले होते, "बिचारी."

पुढच्या बोलावण्याला गुरुजींनी पायरीवर चकचकीत बूट काढले, गवती चपला घातल्या आणि घंटा घेऊन एकटेच टेकडीत शिरले. गाव तिकडे पाहत राहिलं. मी तसबिरीमागे हात घातला. पाठीच्या फळीत एक खाच होती, खाचेत अंगठ्याएवढी जाळीची डबी. ती मी बाहेर काढली. आत एक लांबट, काळसर माशी आणि तिला भरवणाऱ्या दोन-चार.

आईकडे पाहिलं. केस विंचरून, ठेवणीतला किमोनो नेसून ती टेकडीकडे डोळे लावून बसली होती. डबी परत ठेवली असती तर ती आणखी एकदा हसली असती. मग तिची पट्टी दिसली. मी डबी गुरुजींच्या उजव्या बुटात ठेवली.

ढग उतरला. तसबिरीवरून एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि थवा पायरीकडे वळला. बघता बघता बूट दिसेनासा झाला.

"अगं बाई!" अबिरू काकू ओरडल्या. "कुनियोशी गुरुजींच्या बुटात शिरला!"

गुरुजी धापा टाकत आले. बूट पाहून त्यांचा चेहरा उतरला. "इथे कोणीतरी अविश्वासी आहे. आत्मा दुखावलाय."

"दुखावलेला माणूस बुटात कशाला जाईल?" काकू म्हणाल्या. "आमचा नवरा रुसला की बोटीवर जातो."

मी बूट हलकेच झटकला, डबी बाहेर काढली आणि सगळ्यांना दाखवली. राणीच्या वासामागे थवा येतो. गुरुजी टेकडीत जाऊन फक्त पेटीचं झाकण उघडतात. पोटभर मध प्यायलेल्या आणि राखायला घर नसलेल्या माश्या सहसा डसत नाहीत. एवढंच होतं.

जन्मभर माश्या पाळलेले म्हातारे पुढे वाकून पहिल्यांदाच राणी पाहत होते.

आई गुरुजींना हळूच म्हणाली, "ह्यांचं प्रेत उचललं त्या दिवशी मागच्या ओंडक्यातून थवा निघाला होता. 'मी बघतो त्यांच्याकडे', असं म्हणाला होतात तुम्ही. त्याच ना ह्या?"

गुरुजी पायरीशी वाकले. एक बूट घातला, दुसरा तिथेच सोडला आणि लंगडत गाडीकडे गेले. कोणी अडवलं नाही.

"सोड तिला," आई मला म्हणाली.

बाबांचा ओंडका रिकामाच होता. मी त्याच्या तोंडाशी डबी उघडली. राणी आत गेली, मागोमाग रांग लागली. आई शेवटची माशी आत जाईपर्यंत उभी होती.

"म्हणजे हे आलेच नव्हते," ती म्हणाली. "एकदाही."

"नाही, आई."

इंजेक्शन मीच दिलं. सुई टोचताना तिने डोळे मिटले आणि कान दिला. ओंडक्याकडून नेहमीची गुणगुण येत होती. दवाखान्यात अंगठा गेला, पाय वाचला. फोटो आता साध्या चौकटीत आहे, आणि आई तो रोज पुसते. त्या वसंतात तिला जे मिळालं होतं, ते माझ्याच हाताने गेलं, हे मी विसरत नाही.

आपलं गेलेलं माणूस परत यावं असं कोणाला वाटत नाही? हाक मारावी, रडावं. पण कोणी त्याला आणून दाखवतो म्हणाला, तर हात जोडण्याआधी तसबिरीची मागची बाजू बघा. आणि औषध बंद करा म्हणाला, तर तेवढंही थांबू नका.