कूलरमागचं पाणी

विश्वजीतने ऋतिकाची वेणी धरून तिला कूलरमागून ओढून काढलं आणि फाडकन मुस्काटात ठेवून दिली. तिच्या हातातली कूलरची नळी सुटली, गॅलरीभर पाणी झालं. तेच गढूळ, शेवाळलेलं पाणी पोर गटागटा पीत होती.

"थुंक! थुंक आधी!"

त्याने दोन बोटं तिच्या घशात घातली. ती कडकडून चावली. त्याने दुसरी लगावली. नऊ वर्षांची पोर. ओठ फुटला, तरी ओली बाही चोखतच होती.

"अहो, जीव घ्याल तिचा!" कल्याणी स्वयंपाकघरातून धावत आली.

"मी न्हाय घेत, पानी घेतंय! मागच्या खेपेला छातीत पानी भरलं, तवा आयसीयूबाहेर कोन बसलं हुतं?"

खोटं नव्हतं ते. ऋतिकाच्या दोन्ही किडन्या निकामी, लघवी जवळजवळ बंद. दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत आखून दिलेलं. त्यावर घोटभर जरी गेलं तरी ते अंगातच साठायचं. म्हणून घरात माठाला कुलूप, नळांच्या तोट्या काढलेल्या, पाहुण्यांनाही पाणी जिन्यात. पोर तरी चोरायचीच, आणि दर चोरीला मार ठरलेला. खराडीची घरची जमीन घेणाऱ्या बिल्डरपुढे ज्याचा कधी आवाज चढला नाही, तो हा बाप लेकीला गुरासारखा बडवायचा आणि मग मोरीत जाऊन रडायचा. रडला म्हणून काय झालं? गाल तर पोरीचाच सुजायचा.

कल्याणीला शुगर, म्हणून किडनी त्यानेच दिली. हूं की चूं न करता दिली, एवढं मात्र खरं. ऋतिकाच्या पोटात ती चालू झाली आणि सगळंच उलटं झालं.

"आता पाणी पाजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उकळून गार केलेलं, दिवसभर, भरपूर. पाणी कमी पडलं तर हीही किडनी जाईल."

माठाचं कुलूप निघालं, पण ऋतिका पाण्याला शिवेना. विश्वजीतने पेला पुढे केला की ती आधी त्याच्या हाताकडे बघायची. एक घोट तोंडात धरायची आणि त्याची पाठ वळली की बेसिनमध्ये थुंकायची. पुढच्याच तपासणीत रिपोर्ट बिघडला. असंच चाललं तर परत अॅडमिट करावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

घरी येताच त्याने तिचा जबडा धरला.

"पी! पी म्हनतो न्हवं!"

पेला दातांवर आपटला. पाणी गळ्यावरून फ्रॉकमध्ये उतरलं. तिने दात आवळलेलेच. त्याचा हात वर गेला, आणि कुशीतल्या टाक्यांत अशी कळ उठली की तो तसाच भिंतीला टेकला. ऋतिका केव्हाच दोन्ही गाल झाकून बसली होती.

"किडनी दिलीत," कल्याणी म्हणाली, "हात मात्र तोच ठेवलात."

त्याचा हात खाली आला. त्याला स्वतःची शिसारी आली.

"तुमच्यासमोर नाही प्यायची ती," फरशी पुसताना कल्याणी म्हणाली. "चोरून प्यायचंच शिकवलंय आपण तिला."

दुपारी त्याने कूलरमागची जागा हळूहळू फिनेलने घासून काढली. उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या भरून तिथे ठेवल्या. मग गॅलरीच्या दाराकडे पाठ करून बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

बऱ्याच वेळाने अनवाणी पावलं मागून गेली. झाकण फिरलं. मग घोट ऐकू आले, घाईघाईचे, चोरटे.

घोट थांबले.

"पप्पा, तुम्ही ऐकताय?"

विश्वजीतने हात आणखी दाबले.

"न्हाय," तो म्हणाला.

कूलरमागे दुसऱ्या बाटलीचं झाकण फिरलं.