वेणी आधी घरी आली

ऋजुताची कापलेली वेणी तिच्या आधी घरी पोचली. बेल वाजली म्हणून मी दार उघडलं, तर पायपुसण्यावर वेणी उभी होती. खाली लाल रबर, वरचं टोक सरळ कापलेलं.

"आई, आले गं," ती म्हणाली. आवाज ऋजुताचाच, पण ती चौथीत असतानाचा. मी बाजूला झाले. वेणी आत येऊन सोफ्यावर बसली.

मागून ऋजुता आली. दोन्ही बाजूंनी डोकं मशीनने बारीक केलेलं, वर हिरवा तुरा, मांडीवर फाटलेली जीन्स. सोफ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला.

"ही इथे कशाला आलीय?"

"तू काय करून आलीस ते आधी सांग," माझा नवरा श्रीरंग म्हणाला. "जिन्यात पाटणकरांनी बघितलं का तुला?"

"केसच आहेत, बाबा."

 श्रीरंग वेणीशेजारी जाऊन बसला.

"दमलीस का गं?" त्याने विचारलं.

"नाही बाबा," वेणी म्हणाली.

कपाटात पंजाबी ड्रेस पडून होते. मी हौसेने शिवून घेतलेले, ऋजुताने कधी अंगाला न लावलेले. दुसऱ्या दिवशी ते वेणीने घातले. रिकाम्या बाह्या हळूहळू भरत गेल्या. आधी खांदे आले, मग मनगटं. चेहरा आला नाही. डोक्यावरून ओढणी असायची, त्यामुळे काही अडलं नाही.

रविवारी माझी नणंद आली. वेणीने तिला पाणी दिलं, वाकून नमस्कार केला.

"किती गुणी झालीय गं ऋजुता!" नणंद मला म्हणाली.

"आत्या, मी इकडे आहे," ऋजुता दारातून म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. नणंद बशीतला चहा फुंकत राहिली.

सकाळी वेणी माझ्यापुढे पाठ करून बसायची. माझे हात आपणहून तेलाच्या बाटलीकडे जायचे. ऋजुताने किती वर्षांत मला डोक्याला हात लावू दिला नव्हता. मला बरं वाटायचं, आणि त्याचीच भीती वाटायची. कारण तेल लावून मी उठले, की ऋजुताच्या खोलीचं दार आदल्या दिवसापेक्षा अरुंद झालेलं असायचं. ती तिरकी होऊन बाहेर यायला लागली. पुढे पुढे सॅक आधी ढकलायची, मग स्वतः यायची.

"अहो, ऋजुताच्या खोलीसाठी सुताराला बोलवा," मी श्रीरंगला म्हटलं.

"कुठल्या खोलीसाठी?"

तो थट्टा करत नव्हता.

त्या दुपारी ऋजुताला बाहेर येता येईना. फटीतून हात काढून तिने माझं मनगट धरलं. हात गार पडला होता.

"आई, भूक लागलीय."

मी पोळी गुंडाळून आत सरकवली. तिने ती उभ्याउभ्याच खाल्ली.

"तुला हे आवडत नाही ना? माझे केस?"

"नाही आवडत," मी म्हटलं. "सरक, मी आत येते."

श्वास सोडून मी फटीत शिरले. कोपर सोललं, ब्लाउज खांद्यावर फाटला. सगळी आत गेले, पण माझा अंबाडा चौकटीत अडकला. मान ओढली तरी सुटेना. दार आवळत चाललं होतं, लाकडाची करकर मला कानात ऐकू येत होती.

"कात्री आण," मी म्हटलं.

ऋजुता रडायला लागली. "तुझे नको गं, आई."

"काप."

तिने कापलं. मी आत कोसळले. केस बाहेर पडले.

 मग स्वयंपाकघरात लायटर वाजला.

"अहो, चहा ठेवू का?" माझा आवाज म्हणाला.

"ठेव," श्रीरंग म्हणाला. "आत कोणी बोलतंय का गं?"

ऋजुताने आणि मी एकदमच हाका मारल्या. दारावर मुठी आपटल्या.

"नाही हो," माझा आवाज म्हणाला. "कोण असणार?"

फट आता बोटाएवढी उरली होती. तिच्यातून येणारा उजेड ऋजुताच्या गालावर पडला होता. बाहेरून कोणीतरी जवळ आलं आणि ओल्या फडक्याने, भिंतीवरचा डाग पुसावा तशी, ती फट वरून खाली पुसायला लागलं.