घसरलेला दोरा

"वहिनी, थांब ना जरा. सकाळपासून पायाला भिंगरी लागलीय तुझ्या," नणंद म्हणाली.

मी थांबले नाही. कपाशीच्या त्या एकाच झाडाभोवती माझी चौथी फेरी होती. काल संध्याकाळी जिच्या टोकाला मी दोरा बांधला, ती कळी उमलून बसली होती. दोरा देठापर्यंत घसरलेला, आणि फुलात मधमाशी.

आमचं काम असं. उद्या उमलणारी कळी आज हेरायची आणि तिचं तोंड बांधायचं. मग बाहेरचा पराग आत जात नाही, आतल्या आत बोंड धरतं. पिढ्यान्‌पिढ्या असं केलं की सगळी झाडं एकसारखी निघतात. आमच्या शास्त्रज्ञ बाईंनी हा वाण सहा वर्षं असा राखला होता. यंदा उरलंसुरलं बी पेरलं, तर रोगाने ओळच्या ओळ वाळली. एक झाड वाचलं. त्याच्याही बाकी कळ्या गळून गेल्या; ही शेवटची.

"पाकळ्या मिटव आणि परत बांध," नणंद हळूच म्हणाली. "कोण बघतंय? बोंड धरेलच की."

"धरेल. पण बाप कोण, ते कोण सांगणार?"

"माणसांत तरी कोण विचारत बसतं एवढं?" ती स्वतःच हसली.

मला हसू येईना. दोऱ्याचा दोष नव्हता. दोन महिने माझी बोटं थरथरत होती. घरी चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरायचे. कुणाला बोलले नव्हते. बोलले असते तर दोरा हातातून गेला असता, आणि वीस वर्षं हेच करत आलेल्या मला दुसरं काही येत नव्हतं.

मी फूल खुडलं. बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"गाठ सैल बसली बाई. हात कापतो माझा. दोन महिने झाले."

बाई फुलाकडे बघत राहिल्या. "आधी का नाही सांगितलंत, मावशी?"

"काम जाईल म्हणून."

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसलेला परत पुसला. "बघू, अजून एखादी कळी येते का," म्हणाल्या. हंगाम सरत आला होता, ते त्यांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी दोऱ्याचं रीळ नणंदेकडे गेलं. मी झाडांना बांधायच्या नोंदीच्या चिठ्ठ्या घेऊन मागे. या चिठ्ठ्यांसाठीच तर पन्नाशीत बाईंकडे अक्षरं गिरवली होती. त्या झाडाशी बसून मी तारीख लिहिली. खाली लिहिलं, 'फूल उघडले. दोरा मी बांधला होता.'

नणंदेने वाकून पाहिलं. "किती वाकडं अक्षर गं. वाचता येईल का कुणाला?"

"येईल," मी म्हटलं आणि चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "गाठ तेवढी तू मार."