खळ्यावरची हजेरी

शाळा तपासणाऱ्या मार्तंडराव डेप्युटींचा छकडा खानापूर स्टेशनावरून निघाला, की तालुक्यातले मास्तर धावपळीनं शाळा झाडून घ्यायचे. शाळाखात्यात सव्वीस वर्षं घालवलेल्या या गृहस्थांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, हजेरीच्या मस्टरवर. पोराला काय येतं हे बघायला अर्धा दिवस जातो, मस्टर दोन मिनिटांत कळतं. त्यांच्या रानाकडच्या शाळांतून सहा वर्षांत एकही मूल बेळगावच्या हायस्कुलात पोचलं नव्हतं. त्याचं खापर त्यांनी पोरांच्या मठ्ठपणावर फोडून टाकलं होतं, आणि तो विषय मिटला होता.

तेहतीस सालच्या मार्गशीर्षात, ऐन सुगीत, ते न कळवता जांभळमाळाला आले. शाळेला कुलूप, ओसरीत शेळी बांधलेली. शेजारच्या राजाबाईनं किल्ली आणून दिली. टेबलावर मस्टर उघडंच होतं. आजची तारीख, एकतीस नावं, आणि एकतीसच्या एकतीस हजर. शाळेत मात्र ती शेळीच काय ती हजर होती.

"मास्तर कुठं आहेत?"

"खळ्यावर गेल्यात. पोरंबी तिकडंच हाईत समदी."

म्हणजे पोरांना मळणीला जुंपलं आणि वर खोटी हजेरी मांडली. डेप्युटींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'हजेरी खोटी. नागोजी मास्तरांस नोकरीवरून कमी करावे.' सही तेवढी मास्तरांच्या तोंडावर करायची ठेवली. नागोजींची नोकरी एकोणीस वर्षांची, घरात खाणारी सात तोंडं, शेत गुंठाभरही नाही. अशाच एका ओळीनं मार्तंडरावांनी याआधी तिघांना घरी बसवलं होतं आणि त्यांची झोप काही उडाली नव्हती.

शेरेबुक काखेत मारून आणि टाक-दौतीची पेटी हातात घेऊन ते तरातरा खळ्यावर पोचले. तोंड उघडणार, तोच दहा-अकरा वर्षांची एक पोरगी आडवी आली. ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "जोडं काढा, आन् बोलू नगासा. रास मोजाय लागल्यात."

आता भाताची रास मोजताना कुणी बोलायचं नसतं. मोजणारासुद्धा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मध्येच कुणी बोललं तर लक्ष्मी पाठ फिरवते, असं जुनी माणसं सांगतात. हा नियम रयतेला जसा, तसाच डेप्युटीलाही. मार्तंडरावांनी निमूटपणे जोडे काढले आणि तळपायाला टोचणाऱ्या पेंढ्यावर ते उभे राहिले.

बोलायची सोय नाही म्हटल्यावर माणसाला बघावंच लागतं. जोतिबा पाटील पायलीच्या मापानं भात मोजत होते. पलीकडे पाठमोऱ्या बसलेल्या नागोजी मास्तरांपुढं बारीक पोरं सारवलेल्या जमिनीवर खडूनं अक्षरं गिरवत होती. मोठ्यांच्या हातात गाठी मारलेली दोरी आणि एक उभी काठी होती. मघाच्या पोरीच्या पाटीवर डेप्युटींची नजर गेली. राशीचा घेर बारा हात. सहावा हिस्सा दोन. दोनाचा वर्ग चार. उंची दीड हात. चार गुणिले दीड, सहा. खाली एका घनहाताला किती पायली बसतात त्याचा हिशेब, आणि शेवटी, एकशे तीस पायली.

रास तर अजून अर्धीही मोजून झाली नव्हती.

मार्तंडराव स्वतःच मनात मोजू लागले. ऐंशी झाले. शंभर झाले. सुपं हातात घेतलेल्या बायका जागच्या जागी उभ्या होत्या. एकशे वीसला डेप्युटी नकळत एक पाऊल पुढं सरकले. जोतिबांनी शेवटचं भात हातानं गोळा केलं आणि पायली खाली ठेवली.

"एकशे सत्तावीस," ते म्हणाले.

डेप्युटींनी पाटीवरचा आकडा पुन्हा वाचला. हेच गणित पाठ करून ते मॅट्रिक झाले होते, पण ते भाताच्या राशीला लागू पडतं हे आजवर त्यांना सुचलंच नव्हतं. पोरगी मात्र पाटीकडे बघून हिरमुसली. "दोरी जरा सैल पडली, मास्तर. न्हायतर जमलं असतं." तिची आई पुढं आली. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. तिनं पाटीवर नुसता हात ठेवला, देवाच्या पायावर ठेवतात तसा.

एवढ्यात मास्तरांचं डेप्युटींकडं लक्ष गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मार्तंडरावांनी मस्टरमधली नावं आठवून तोंडानंच हजेरी घेतली, अडली तिथं पोरांनी सांगितली. एकतीस वेळा "हजर" आलं.

"परवानगी का नाही काढली?" त्यांनी विचारलं.

"तीन सुगीला तीन अर्ज केलं, साहेब. सुगीपुरती शाळा खळ्यावर भरवू द्या म्हणून. पोरं घरी राहिली की वरीस बुडतंय, मग फुडं कोण शिकणार? तिन्ही नामंजूर झालं."

"कुणी केले?"

मास्तर मातीकडं बघत राहिले. "आपणच."

मार्तंडरावांना त्यातला एकही अर्ज आठवेना. नामंजूर केल्याची वाटली नाही, तेवढी लाज त्यांना ते न आठवण्याची वाटली. त्यांनी शेरेबुकातली ओळ खोडली, पेटीतून कागद काढला आणि मास्तरांपुढं धरला. "चौथा लिहा. आत्ता, इथं."

मास्तरांनी गुडघ्यावर पाटी आणि पाटीवर कागद ठेवून अर्ज लिहिला. डेप्युटींनी तो घेतला, टाक दौतीत बुडवला आणि सवयीनं थेट तळाशी नेला.

एकोणीस वर्षांत साहेबापुढं मान वर न केलेले नागोजी मास्तर म्हणाले, "साहेब, या वेळी वाचून सही करा."

मार्तंडरावांनी टाक बाजूला ठेवला. ते पेंढीवर बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी जांभळमाळाचं नाव खोडून तिथं 'सबंध तालुका' असं लिहिलं, आणि मग सही केली.