हर्सूलच्या वळणावर तज्ञ

माझ्यासारखा शहाणा अख्ख्या हर्सूलमध्ये सापडायचा नाय. वळणावर हनुमान रिक्षावाल्याची अन् माझ्या स्कूटीची टक्कर झाली, मागं बसलेल्या आमच्या मंडळींचा, आवडाबाईचा, हात मोडला, आणि मी पोलिसात छाती ठोकून सांगितलं, "हे पोरगंच चुकीच्या बाजूला आलं." त्याचं लायसन कोर्टात जमा झालं. लेकराबाळांचा बाप घरी बसला. मला वाटलं, बरी जिरली.

एवढ्यावर थांबंल तो सर्जेराव कसला! वर भरपाईचा दावा ठोकला. वकीलबाई मंजुषाताई म्हणल्या, "घरचं सोडून बाहेरचा साक्षीदार कुणी नाही. अपघात कसा झाला हे मोजमाप करून सांगणारे तज्ञ असतात, बोलवायचे का?" म्हणलं, बोलवा की! शहागंजच्या बाजारात भेटंल त्याला सांगत सुटलो, "आपण खास पुण्याहून माणूस मागवलाय." जसा काय लग्नाला आचारीच सांगितला.

तज्ञ आले, विश्वजीत साहेब. टेप धरला, खडूनं रस्त्यावर रेघा मारल्या, फोटो काढले. दोन्ही बाजू हजर पायजेत म्हणून हनुमानलाही बोलावलं व्हतं. तो मान खाली घालून कडंला उभा. साहेबांनी मला इचारलं, "काका, त्या दिवशी तुमचे हात हँडलवरच होते ना?"

"मंग काय खिशात व्हते?" मी म्हणलो. बघे हसले. मला लई भारी वाटलं.

"तर मग तसंच चालवून दाखवा. सावकाश."

निघालो रुबाबात. कॅमेरा चालू. वळणावर डाव्या अंगाला देवीचं देऊळ आलं, आणि आईशप्पथ सांगतो, मला पत्ताच नाय, माझे दोन्ही हात हँडल सोडून कपाळाला गेले. जन्माची सवय! रस्ता वळला, स्कूटी सरळच गेली, पार पलीकडच्या बाजूला. मी आडवा.

सगळ्यात आधी पळत कोण आलं? हनुमान. मला उठवता उठवता म्हणला, "काका, त्या दिवशी पण असंच झालं. तुम्ही हात जोडून समोरून आले, मला वाटलं मलाच रामराम घालताय. पोलिसांना सांगितलं तर म्हणले, किती पिलास रे?"

मंजुषाताई माझ्या कानाशी लागल्या. "तज्ञ आपला आहे. हा रिपोर्ट आपण दाखलच करायचा नाही."

खोटं कशाला बोलू, घडीभर बरं वाटलं. मग खाली बघितलं. हनुमान माझ्या गुडघ्याचं रगत त्याच्या रुमालानं पुसत व्हता. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"साहेब, जे बघितलं ते सगळं लिहा," मी म्हणलो. "आणि ताई, मला माझा जबाब बदलायचाय."

"लोक हसतील, सर्जेराव."

"हसू द्या की. हसण्यासारखंच हाय."

हनुमान तोंड फिरवून डोळे पुसत राहिला.

साहेब आणि ताई मोटारीत बसून गेले. माझा माझ्याच हातांवर भरवसा राहिला नव्हता. म्हणलं, "लेकरा, तू चालव, मी मागं बसतो."

"काका, लायसन कोर्टात हाय माझं."

मग दोघांनी मिळून स्कूटी ढकलत नेली. चढ लई व्हता.