एका दमातला निरोप

कापडे गावच्या पंचायत कार्यालयातल्या पाटीवर त्या दिवशी लाल दिव्यांत जे उमटलं, ते वाचून सरपंच सयाजीराव आधी गंभीर झाले. मग त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि खुर्चीचे हात धरून असे काही हसले की बाहेरचा रिक्षावाला दारातून डोकावला. पाटीवर लिहिलं होतं: ‘आमच्या म्हशीला मुलगा पसंत आहे, रविवारी सुपारी फोडू, रेडी झाली, खरवसाला या.’

म्हशीची ही सोयरीक जुळवली होती सेजलने. म्हणजे तिच्या यंत्राने. पण यंत्राच्या चुकीला गावात यंत्राचं नाव कोण घेतं?

सेजल वरच्या वाडीच्या भिकूची धाकटी. महाडात चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत किशोर सरांची एक छोटीशी कंपनी होती, तिथे ती दोन वर्षं काम करत होती. कापड्याच्या वर डोंगरात चार वाड्या आहेत आणि चारही वाड्यांत मोबाईल फक्त विजेरी म्हणून कामाला येतो. कुणी आजारी पडलं, डेअरीची जीप आली नाही, दरड सरकली, तर खाली कळवायला माणूस धाडावा लागायचा. म्हणून प्रत्येक वाडीत एक डबा बसवायचा, माणसाने मोबाईलवर निरोप लिहून त्या डब्याला द्यायचा, डब्याने तो खिंडीतल्या मोठ्या डब्याकडे पाठवायचा आणि खिंडीतून रेडिओने कापड्याच्या पाटीवर, आणि खालचा निरोप त्याच वाटेने वर वाडीतल्या मोबाईलवर, अशी ती योजना होती. किशोर सरांनी हे काम एकट्या सेजलवर सोपवलं होतं. पंचायतीने यंत्र ठेवून घेतलं तर सर पोलादपूरला शाखा काढणार होते आणि ती सेजल सांभाळणार होती. नाही ठेवलं तर तिच्या भावाने, अनिलने, ऐरोलीत नोकरी बघून ठेवलीच होती. पुढच्या सोमवारचं वीर स्टेशनवरून तिकीटही काढलं होतं त्या पठ्ठ्याने.

सेजलला जायचं नव्हतं. ऐरोली वाईट होती असं नाही. तिला आपला डोंगर आवडायचा, इतकंच. पण हे घरात म्हणायची सोय नव्हती, कारण भिकूचं मत ठाम होतं. ‘‘शिकलेल्या पोरीनं शेणात पाय घालायचा तर शिकलीस कशाला गो?’’ एवढं बोलून तो गोठ्यात निघून जायचा. त्यावर वाद घालायला समोर माणूस उरायचाच नाही.

आणि आता पहिल्याच चाचणीत म्हशीने मुलगा पसंत केला होता. खरे निरोप दोन होते. एक भिकूचा, पारडू झाल्याचा: आमच्या म्हशीला रेडी झाली, खरवसाला या. दुसरा पल्याडच्या वाडीतल्या तुळसाचा, तिच्या रंजिताच्या सोयरिकीचा: मुलगा पसंत आहे, रविवारी सुपारी फोडू. दोघांनी एकाच वेळी पाठवले आणि वाटेत एक निरोप दुसऱ्याच्या पोटात शिरला.

‘‘काय व्याही,’’ लोक भिकूला वाटेत अडवून विचारू लागले, ‘‘टोणग्याचं घराणं बघितलंस ना नीट? वरात कुठनं काढायची?’’ तुळसा तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘माझ्या रंजीची सुपारी, नि वाचली म्हशीच्या नावानं! जावई काय म्हणल?’’ आणि म्हणता म्हणता स्वतःच फिसकन हसली. भिकू मात्र हसला नाही. चार दिवस तो खाली उतरलाच नाही.

सयाजीराव माणूस दिलदार. त्यांनी सांगितलं, ‘‘रविवारी बैठक आहे. तोवर काय ते नीट कर. रविवारी असंच झालं तर मात्र डबे काढून न्या, पोरी. डोंगरातून मयताचा निरोप यायचा आणि आम्ही आहेर घेऊन जायचो.’’

चूक कुठे आहे हे सेजलला कळत होतं. दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात तेव्हा दोन्ही टोकांना एकेक सॉकेट, म्हणजे बोलण्याची खिडकी, उघडतात, आणि सगळं जग वापरतं तीच टीसीपीची पद्धत तिने वापरली होती. ती पद्धत म्हणजे नळ. अक्षरं क्रमाने येतात, एकही सांडत नाही. पण यातला कुठला तांब्या कुणाचा, हे नळाला ठाऊक नसतं. खिंडीतला डबा दोन्हीकडून येईल तेवढं घेत होता आणि पुढच्या एकाच नळात ओतत होता. महाडात एकटीने बसून एकेक निरोप पाठवला तेव्हा सगळं सुरळीत होतं. चार वाड्या एकदम बोलतील हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि तीही त्याच वाड्यांत वाढलेली!

मग तिने एक युक्ती केली, आणि ती अंगाशी आली. निरोप संपला हे यंत्राला कळावं म्हणून तिने ठरवलं की ‘रामराम’ हा शब्द आला की निरोप संपला. वाडीतला माणूस रामराम केल्याशिवाय निघतो का? नाही निघत. पण पल्याडच्या वाडीचा केरू रामराम केल्याशिवाय बोलायला सुरुवातही करत नाही. त्याने लिहिलं, ‘रामराम सयाजीराव, रामराम भिकूदादा, रामराम समस्त मंडळी,’ आणि पाटीवर एकेकाचं नाव येऊन पुसलं जाऊ लागलं, जणू हजेरीच चालली आहे. केरूला कशाची तरी औषधं हवी होती, ती कशाची हे शेवटपर्यंत कळलं नाही.

तिने कापड्याला उतरून फोन लावला, तेव्हा किशोर सर म्हणाले, ‘‘प्रत्येक निरोपाच्या आधी त्याची लांबी पाठव. जुना उपाय आहे, चालतो.’’ चाललाही. निरोप एकमेकांत मिसळायचे थांबले. पण केरूचा लांबलचक निरोप वाऱ्यापावसात अडकला की मागे बाकीच्या तिन्ही वाड्या रांगेत ताटकळायच्या. पुढचा हलल्याशिवाय मागच्याला वाट नाही. आणि मागच्याला साप चावलेला असला तर?

बुधवारी संध्याकाळी ती डोकं धरून अंगणात बसली होती, तेव्हा धोंडूबाई आत्या कड्यावर हाळी द्यायला निघाली. धोंडूबाई भिकूची थोरली बहीण. वरच्या वाडीचे निरोप पलीकडे पोचवायचे ते तिच्याच गळ्याने, असा चाळीस वर्षांचा रिवाज. यंत्रावर तिचा राग नव्हता. ती त्याला हिशेबातच धरत नव्हती.

तिने कड्यावर पाय रोवले आणि आधी नुसती नावाची हाक घातली. ‘‘केरू रेऽऽ!’’

दरीपलीकडून बारीकसं ‘‘ओऽऽ’’ आलं. मग तिने छातीत दम भरला आणि एका दमात सगळं सांगितलं, ‘‘उद्या भात झोडायला दोन माणसं घेऊन येऽऽ!’’ आणि थांबली. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

‘‘आत्या, अर्धं ऐकलं असेल त्याने,’’ सेजल म्हणाली. ‘‘राहिलेलं तेवढंच सांग की.’’

‘‘अर्धा निरोप देऊ?’’ धोंडूबाईने तिच्याकडे असं बघितलं की सेजल मांडी सावरून बसली. ‘‘गेल्या साली त्या रखमानं दिला. ‘भात झोडायला’ वाऱ्यानं नेलं, नि ‘माणसं घेऊन ये’ तेवढं पोचलं. केरू आला बांबू नि पांढरं कापड घेऊन! मी हितं भाकर खात बसलेली. माझ्याच मयताला आला मेला! निरोप द्यायचा तर पुरा द्यावा, एका दमात मावल तेवढाच. नाय पोचला तर पुरा परत द्यावा. अर्धा कधी देऊ नये गो.’’

केरूचं उत्तर येईना, तेव्हा ती त्याच्यासाठी खोळंबली नाही. तिने तोंड वळवलं आणि त्याच वाडीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या तुळसाला तिचा निरोप दिला, तो लगेच पोचला. मग वारा कुठून आहे ते पदराने बघितलं, पाच-पन्नास पावलं चालून पश्चिमेच्या खडकावर गेली आणि केरूला तिथून हाक घातली. या वेळी ‘‘ओऽऽ, येतूऽऽ!’’ स्पष्ट ऐकू आलं.

सेजल ताडकन उठली. तिला इतका आनंद झाला की आत्याचा गालगुच्चाच घ्यावासा वाटला, आणि तिने तो घेतलाही. कॉलेजात शेवटच्या वर्षाला सरांनी एका पद्धतीवर दहा मिनिटं खर्च केली होती आणि परीक्षेला येत नाही म्हणून पुढे गेले होते. एससीटीपी. तिच्यात निरोप हा निरोपच राहतो: पाठवला तसा अखंड पोचतो, नाही तर पोचलाच नाही असं कळतं. प्रत्येक वाडीला आपला वेगळा प्रवाह देता येतो, एक अडला तर दुसरा थांबत नाही. आणि एकाच जोडणीला दोन वाटा देता येतात. एक बंद पडली तर यंत्र आपण होऊन दुसरी धरतं. तिची आत्या हे सगळं नऊवारी नेसून, चपलेशिवाय करत होती.

‘‘अगं, ते कोणी वापरत नाही,’’ त्याच रात्री तिने कापड्याहून लावलेल्या फोनवर किशोर सर म्हणाले. ‘‘मोबाईल कंपन्यांच्या आतल्या यंत्रांत चालतं, बास.’’

‘‘म्हणजे चालतं ना सर?’’

सरांना हसू आलं. मग म्हणाले, ‘‘दुसरा रेडिओ पाठवून देतो. पण रविवारला तूच जबाबदार.’’

गुरुवार, शुक्रवार, शनिवार ती दिवसभर खिंडीत बसून राहिली. मांडीवर लॅपटॉप, बाजूला भाकरीचं फडकं, आणि भोवती आत्याच्या शेळ्या. तिने सॉकेट बदलले, चार वाड्यांना चार प्रवाह दिले, पूर्वेच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, एक आणि पश्चिमेच्या टेपावर एक असे दोन रेडिओ बांधले आणि दोघांचेही पत्ते एकाच जोडणीत घातले. शनिवारी दुपारी भिकू जेवण घेऊन वर आला. बराच वेळ तिचं काम बघत उभा राहिला. ‘‘बॅग भरलीस का?’’ एवढंच त्याने विचारलं. ती नाही म्हणाली, आणि तो जेवणाचा रिकामा डबा घेऊन उतरला. तिला वाटलं, हा रागावलाच आहे.

रविवारी कार्यालयात माणसं जेमतेम तीस. वाड्यांतून कोणीच उतरलं नव्हतं; झोडणी ऐन रंगात होती आणि खळं सोडून कोण येणार? बैठक पुढे ढकलावी असं कोणीतरी सुचवलं. पुढच्या बैठकीपर्यंत तर सेजल ऐरोलीला असणार होती.

सयाजीरावांनी टेबलावर थाप मारली. ‘‘यंत्र कुणासाठी? वाड्यांसाठी. मग वाड्यांनाच विचारा की! अकराच्या ठोक्याला सगळ्यांनी एकदम मत पाठवायचं. गेल्या वेळी एकदम बोलले तेव्हाच घोटाळा झाला ना? मग चाचणीही होईल आणि निर्णयही.’’ कायद्यात हे कितपत बसतं, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. सेजलने चारही वाड्यांना तसा निरोप धाडला.

अकरा वाजले. पाटी कोरी होती. सेजलने लॅपटॉपवर चारही प्रवाह पुन्हा तपासले. मग पहिली ओळ आली.

‘टेपाची वाडी. चांगू. ठेवा यंत्र.’

लगेच दुसरी. ‘पल्याडची वाडी. तुळसा. ठेवा. सुपारी फुटली, जावई हसला.’ तिसरी, चौथी, सातवी. प्रत्येक ओळ वेगळी, प्रत्येकाचं नाव आपल्या जागी. कोणाची म्हैस कोणाच्या लग्नात शिरली नाही. केरूचा निरोप रामरामापासून सुरू होऊन पाटीवर सहा ओळी पसरला, त्यात झोडणीची, गुडघ्याची आणि नातवाची हकिकत होती, आणि शेवटी होकार होता. तो वाटेत असतानाच बाकीच्या वाड्यांचे निरोप त्याला ओलांडून आले होते.

मधेच लॅपटॉपवर पूर्वेची वाट काळी पडली. सेजल पडद्यावर वाकली. (वानराने रेडिओवर बैठक मारून त्याचं तोंड आभाळाकडे केलं होतं, हे मागाहून कळलं.) पाटी दोन क्षण थबकली आणि पुन्हा धावू लागली, निरोप पश्चिमेच्या टेपावरून येत होते. खोलीत कोणाला पत्ताही लागला नाही. सेजल एकटीच मोठ्याने हसली आणि सगळे तिच्याकडे वळून बघू लागले.

एकेचाळीस होकार झाले. नकार दोन, दोन्ही खालच्या वाडीचे, आणि तेही पाटीचा रंग पसंत नाही म्हणून. वरच्या वाडीतून मात्र एक मत यायचं राहिलं होतं. कुणाचं ते सेजलला ठाऊक होतं. यंत्र राहणार हे तर ठरलं होतं; पण त्या एका मताशिवाय तिला घरी राहता येणार नव्हतं. तिने पाटीवरची नजर काढली आणि जमिनीकडे बघत राहिली.

सयाजीरावच वाचू लागले, मोठ्याने, सावकाश.

‘वरची वाडी. भिकू. ठेवा यंत्र. पोरीला पण ठेवा. मी जा म्हणत होतो कारण तिनं आमच्यासाठी थांबू नये. शनिवारी खिंडीत बघितली, ती स्वतःसाठी बसली होती. तिकीट रद्द करायला अनिलला सांगा.’

गोठ्याच्या दाराशी जो माणूस आयुष्यात कधी दोन वाक्यांहून जास्त बोलला नव्हता, त्याने हे सगळं एका निरोपात घातलं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही वाटेत हललं नव्हतं. सेजलचे डोळे भरून आले. तिने ते कोणापासून लपवले नाहीत.

सयाजीरावांनी चष्मा काढून पुसला. ‘‘वरच्या वाडीला काही उत्तर द्यायचंय का गं?’’

सेजलने मोबाईल घेतला. तिने लिहिलं, ‘बाबा, मी घरी येतेय. जेवायला थांबा,’ आणि पाठवून दिलं.