होमासाठी आणलेलं लाकूड

मी आंब्याचा ओंडका बोलतोय. मला प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून परदेशातल्या टॅम्पिनीस उपनगरातल्या एका फ्लॅटच्या दाराशी ठेवलंय, म्हणून आवाज घुसमटलेला वाटेल.

माझं झाड देवगडचं, शामकांतांच्या परसातलं. कलम त्यांनीच लावलं होतं. पुढे त्याला भिरूड लागलं, म्हणजे खोड आतून पोखरणारी कीड. शामकांत भोकात तार घालून अळी ओढून काढायचे, रॉकेलचा बोळा कोंबायचे, वर चिखल लिंपायचे. त्यांची बायको सुमित्राबाई बाजूला बॅटरी धरून उभ्या. शामकांत गेले आणि सुमित्राबाईंचंही झाडाकडे लक्ष उरलं नाही. वर्षभरात ते वाळलं.

बोटीवर इंजिनियर असलेल्या त्यांच्या मुलाने, रूपेशने, इथे फ्लॅट घेतला आणि आईला कायमचं बोलावलं. वास्तुशांतीच्या होमात शामकांतांच्या झाडाचं लाकूड पडलंच पाहिजे, हा सुमित्राबाईंचा हट्ट. जुन्या साडीत गुंडाळून त्यांनी मला बॅगेच्या तळाशी घातलं. विमानतळावर बोर्ड होता, रोपं किंवा लाकूड आणलं असेल तर दाखवा म्हणून. त्यांनी तो वाचला आणि त्या पुढे गेल्या. माणसांना नियम कळतो, पण आपल्या माणसाच्या वस्तूलाही तो लागू आहे हे पटत नाही. मी मात्र हादरलो होतो. माझ्या पोटात काहीतरी कुरतडत होतं आणि ते फक्त मलाच ठाऊक होतं.

मला स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाला ठेवलं. खाली रस्त्याच्या कडेला आंबे मोहरले होते.

सुट्टीवर आलेल्या रूपेशला माझ्याखाली भुसा दिसला.

“आई, हे कुठून आलं?”

“बाबांचं झाड आहे ते. होमासाठी आणलंय.”

“अगं, आमच्याकडे खोक्याची फळीसुद्धा भट्टीत तापवून शिक्का मारल्याशिवाय बोटीवरून उतरवत नाहीत. आणि तू हे बॅगेतून आणलंस?”

सुमित्राबाईंनी भुसा चिमटीत चोळला आणि ओळखला. त्यांनी तार मागून घेतली. माझ्या अंगावरच्या गोल भोकात ती सरळ आत गेली, थेट शेवटाला टेकली. टोकाला काहीच लागलं नाही.

“अळीचा भुंगा होऊन उडून गेला,” त्या म्हणाल्या. खिडकी उघडीच होती.

“जाळून टाकू,” रूपेश हळू आवाजात म्हणाला. “सरकारी खात्याला सांगितलं तर तुझा इथे राहायचा पास रद्द होईल, आई. परत पाठवतील तुला.”

“पाठवू देत. एक झाड वाळताना बघितलंय मी. फोन लाव. आणि खिडकी उघडी होती, तेही सांग.”

मला न्यायला माणसं यायची आहेत. होमाऐवजी भट्टीत जाईन, त्याचं दुःख आहेच. पण तुम्हाला हात जोडून सांगतो, लाकूड कितीही जिवाभावाचं असो, ते जिथलं तिथेच जळू द्या.

मघाशी ती दोघं खाली गेली, आंब्यांची खोडं तपासायला. तार सुमित्राबाईंच्या हातात आहे. बॅटरी आता रूपेश धरतोय.